हातातलं टाका!

आमच्या ह्यांना घरात दोन मिनिटं स्वस्थ बसवत नाही. जेवताना मधेच उठतील, खिडकीशी जातील, बोट ओलं करून बाहेर धरतील. "अहो, भाजी गार होतेय," म्हटलं तर म्हणतात, "वारा फिरलाय." फिरू दे की! पण डोंगरावरचं गवत वाळलं की ह्या माणसाशी बोलून उपयोग नसतो. अग्निशमन दलात बावीस वर्षं झाली. वणवे विझवणारी सहा जणांची टोळी ह्यांच्या हाताखाली, आणि त्यात माझा धाकटा भाऊ. त्यालाही ह्यांनीच ओढला. म्हणजे माझा जीव दुप्पट टांगणीला.

आगीच्या वाटेतलं गवत-झुडूप फावड्याने खरवडून उघडा पट्टा काढायचा, हे त्यांचं काम. वारा फिरला की आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते. मग आसरा एकच, आधीच जळून काळी झालेली जमीन. तिथे जळायला काही उरलेलं नसतं. हे शिट्टी फुंकून ओरडणार, "हातातलं टाका, काळ्यात पळा!" ऐकायला सोपं. पण घाबरलेला माणूस फावडं टाकतच नाही, घेऊन पळतो आणि दहा पावलं कमी पडतो. म्हणून हे दर रविवारी भावाला अंगणात पळवायचे. एकदा तो फावड्यासकट पळाला, तर असे काही ओरडले की शेजारीण भांडण सोडवायला धावत आली. तिच्या हातात लाटणं तसंच! पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही.

परवा दुपारी समोरच्या डोंगरावर धूर उठला. मी गॅलरी ते ओटा, ओटा ते गॅलरी. दूध उतू गेलं तेही कळलं नाही. चार वाजता भाऊ दारात. तोंड काळं, हात रिकामे, आणि एकटाच.

"ताई, दाजी दवाखान्यात आहेत. पाठ भाजलीय, पण वाचतील."

वारा फिरला, शिट्टी झाली, सहाही जण हातातलं टाकून काळ्यात पोचले. हे सगळ्यांच्या मागे. "टाका, टाका!" ओरडत येत होते आणि स्वतःच्या हातात फावडं! भाऊ सांगत होता, "आम्ही काळ्यातून ओरडतोय, 'दाजी, टाका!' त्यांना वाटलं, आम्ही एकमेकांनाच सांगतोय."

दवाखान्यात शिरले ती भांडायच्याच तयारीने. हे पालथे पडलेले. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" मी सुरुवात केली आणि त्यांच्या उशाशी बसले.

"अगं, हातात काही आहे हेच कळलं नाही," ते म्हणाले. बावीस वर्षांत ह्या माणसाला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

फावडं कुणीतरी केव्हाच काढून घेतलं होतं. मूठ मात्र अजून आवळलेली. मी एकेक बोट सोडवलं आणि माझा हात आत दिला. त्यांनी तो घट्ट धरला.

"टाकू?" त्यांनी विचारलं.

"टाकून तर बघा," मी म्हटलं.