अप्पांनी वाटलेली अक्षरं

माझ्या लग्नात आहेराच्या टेबलापाशी एक गृहस्थ मिक्सर उलटा करून बघत होते. पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि खिशाला पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. मिक्सर झाल्यावर त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पालथं केलं, मग इस्त्री. मी उमापूरहून नुकतीच आलेली नवी नवरी. खाली मान घालून बसायचं सोडून टक लावून बघत होते. मला वाटलं, हा माणूस आमच्या पाहुण्यांच्या आहेराची किंमत काढतोय, आणि माझं डोकंच फिरलं. सासूबाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "बघू दे त्यांना. मन्मथअप्पा हायेत ते. स्क्रू कुठं हाय ते बघायलेत."

मन्मथअप्पा माझ्या सासऱ्यांचे दोस्त. माजलगावच्या मोंढ्यात त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, पत्रे, पाइप, कडीकोयंडे. धरणाचं पाणी आलं तसा गावाभोवती ऊस आला, उसामागून हातात पैसा आला आणि मग त्या वर्षांत वस्तूंची नुसती रीघ लागली. रंगीत टीव्ही, टेपरेकॉर्डर, बिनवायरचा फोन. गावात नवीन काही आलं की ते एकदा अप्पांच्या हाताखालून जायचंच. ते वस्तू उलटी करत, बुडाशी स्क्रू शोधत, आणि नाही सापडला तर त्यांचा चेहरा उतरे. "हे कावून बंद केलंय? ज्याला स्क्रू न्हाई ते घरात आलेलं पावनं हाय. घरातलं मानूस न्हाई," असं ते दुकानात, लग्नात, एकदा तर मयतीला गेलेले असतानाही म्हणाले होते.

उघडायची त्यांना जेवढी हौस, तेवढं मिटवायचं कसब नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. माझा आहेराचा मिक्सर पहिल्याच महिन्यात त्यांनी खोलला. परत दिला तेव्हा सोबत एका कागदात चार-दोन भाग बांधून दिले. "हे नसलं तरी चालतंय," म्हणाले. मिक्सर चालला, नाही असं नाही. पण चालू केला की ओट्यावरून हळूहळू पुढे सरकायचा. सासूबाईंनी पुढची कित्येक वर्षं तो एका हाताने दाबून धरून चटण्या वाटल्या आणि दर वेळी अप्पांचा उद्धार केला.

दुसरं वेड आभाळाचं. दिवेलागणीला गिऱ्हाइकं दुकानात उभी असताना अप्पा मधेच उठून दुकानाच्या माळवदावर जायचे आणि वरून हाका मारायचे. लोक खांद्यावरचा पाइप तसाच घेऊन रस्त्यात उभे राहून वर बघायचे. एक ठिपका शांतपणे सरळ रेषेत चालत जायचा. "तारा लुकलुकतोय. हा बगा, लुकलुकत न्हाई. मानसानं केलेला हाय तो," अप्पा सांगायचे, जणू दुकानातलेच चार नटबोल्ट वापरून तो केलेला असावा. एकदा एका सावकारी तोऱ्याच्या माणसाने विचारलं, की असल्या गोष्टींचा आपल्याला काय फायदा. अप्पा म्हणाले, "चंद्राचा सातबारा कुनाच्या नावावर हाय, सांगा. कुनाच्याच न्हाई. म्हंजे माझाबी हाय अन् तुमचाबी हाय. मग आपल्या वावरात कोन काय पेरतंय ते बगाया नको?" नव्या शतकात माणसं सुट्टीला चंद्रावर जातील असं त्यांनी ठामपणे सांगून ठेवलं होतं. काशीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आधी मला मांजरसुंब्याच्या पुढं कपिलधारला दर्शनाला तर न्या. तिथं जायाला दुकान सुटंना, अन् निघाले चंद्रावर."

अप्पांचे अंदाज बरेचदा चुकत. माजलगावात मोबाइल कधी येणार नाही, असं ते शपथेवर सांगत. पण एका बाबतीत त्यांचं डोकं अगदी साफ होतं. त्यांनी कॉम्प्युटर घेतला, आणि पुण्याच्या कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून त्यांना कॉम्प्युटर चालवायची अशी एक प्रणाली मिळाली, की जी कुणीही वाचावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी. अप्पांना हर्षवायू व्हायचा राहिला. आतापर्यंत त्यांनी वस्तूंचे स्क्रू शोधले होते. इथे तर बनवणाऱ्यानेच झाकण काढून समोर ठेवलं होतं. त्या दसऱ्याला त्यांनी आपट्याच्या पानासोबत एकेकाच्या हातावर सीडी ठेवली. "सोनं घ्या. पान देल्यानं झाड सरतंय का? हेबी तसंच हाय. मी देलं तरी माझ्याजवळ हायच की." गावात कॉम्प्युटर असून असून किती असणार? लोकांनी त्या सीड्या ज्वारीत पाखरं उडवायला टांगल्या. अप्पांनी ते पाहिलं आणि मनापासून हसले.

आता माझी गोष्ट. सासरे गेले, नवरा साखर कारखान्यात कारकून, आणि मला घरात बसून राहायचा वीट आला होता. मी हट्टाने एक कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेतला आणि पुढच्या खोलीत लग्नपत्रिका करायला सुरुवात केली. मजकूर टाइप करायचा, ट्रेसिंग कागदावर काढायचा आणि मागच्या पडवीत स्क्रीन-प्रिंटिंगने छापायचा. नवरा म्हणाला होता, "एक लग्नसराई बघू. नाही जमलं तर मशीन विकून टाकू." जमायला लागलं होतं. लोक दारात येऊन "पत्रिकावाल्या बाई हायेत का?" असं विचारायला लागले होते. तोवर मला कुणी नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव न घेता विचारलेलं नव्हतं.

मराठी अक्षरांचा जो प्रोग्रॅम मी विकत घेतला होता त्याला एक कुलूप होतं. अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा, तो कॉम्प्युटरच्या मागे लावला तरच अक्षरं उघडायची. अप्पांनी तो पहिल्याच दिवशी उलटासुलटा करून पाहिला होता. "ह्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला हाय, सूनबाई," ते म्हणाले. मी त्यांना चांगलंच सुनावलं, की नव्या कामाला अपशकून करू नका.

ऐन लग्नसराईत एका दुपारी लाइट गेली आणि आली ती दुप्पट जोराने. कॉम्प्युटर वाचला, कुलूप जळलं. औरंगाबादच्या विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, की तो प्रोग्रॅम आता कंपनीने बंद केलाय. नवा घ्या, येईल तेव्हा येईल. इकडे छापायला घेतलेल्या पत्रिकांचा ढीग होता, आणि सगळ्या त्या बंद प्रोग्रॅमच्या पोटात. बीडचा एक पोरगा कुलूप तोडलेली चोरटी सीडी आणून बसवायला तयार होता. मी त्याला लगेच ये म्हणून सांगितलं. पण त्याच्या आधी अप्पा येऊन थडकले. सासूबाईंनी निरोप धाडला होता.

"चोरून आनलेलं बसवू नको," अप्पा म्हणाले. "त्येनं कुलूप घातलं, ते त्येचं घर हाय. आपन फोडायचं न्हाई. आपलं बांदायचं."

मला इतका संताप आला की काय सांगू. मी म्हटलं, "अप्पा, तुमचं घर बांधून होईस्तोवर माझं मशीन विकलं जाईल. मग तत्त्वं घेऊन बसा."

अप्पा खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी मला मंगळावर गेलेल्या एका यानाची गोष्ट सांगितली. ते यान तिथं पोचल्यावर सारखं आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागलं. तिथे पाना घेऊन कोण जाणार? पण त्यातल्या प्रोग्रॅमची ओळ न् ओळ ज्यांना ठाऊक होती त्यांनी इथूनच चूक हुडकली आणि इथूनच दुरुस्ती धाडली. "मंगळावरचं दुरुस्त होतंय, सूनबाई, अन् माजलगावातली पत्रिका माजलगावात बसून निगत न्हाई. मला लई लाज वाटायली. मला हा आठवडा दे."

मी बीडच्या पोराला पुढच्या आठवड्यात ये म्हणाले. अप्पांच्या हातावर भरवसा होता म्हणून थांबले असं नाही, मिक्सर रोज डोळ्यांसमोर सरकत होता. पण ते मशीन घरात राहावं असं माझ्याइतकंच वाटणारा दुसरा कुणी मला दिसत नव्हता.

अप्पांनी आपला कॉम्प्युटर हातगाडीवर घालून आमच्या पुढच्या खोलीत आणला. दुकान काशीबाईंवर सोडलं. फोनच्या तारेतून औरंगाबादचा नंबर लावून ते इंटरनेटवर जायचे. केरळातल्या एका शाळामास्तराने आपल्या भाषेची अक्षरं कॉम्प्युटरात बसवायचं असलंच काम करून ठेवलंय, असा त्यांना कुठून तरी सुगावा लागला. अप्पांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला लिहिलं. ओळख ना पाळख, त्या माणसाने आपलं सगळं काम दुसऱ्या दिवशी धाडून दिलं, आणि वर कुठे अडलं तर विचारा म्हणून कळवलं. मग अप्पा दिवसभर आलेखाच्या कागदावर अक्षरं काढायचे, ती कॉम्प्युटरात भरायचे, चुकायचे, स्वतःलाच शिव्या घालायचे. काशीबाई डबा घेऊन यायच्या, तासभर बोलून घ्यायच्या आणि ते जेवल्याशिवाय उठायच्या नाहीत.

आठवड्याच्या शेवटी पहिला कागद निघाला आणि तो बघून मला रडूच आलं. अक्षरं कशी, तर जाडजूड आणि बसक्या मानेची. 'ळ' म्हणजे कढईत बिघडलेली जिलबी. असली पत्रिका मी कुणाच्या हातात देणार? पहिली होती ती एका धनगर कुटुंबाची. मुलाचे आजोबा स्वतः आले होते, मेंढरं तिकडे नदीकाठी सोडून. मी मान खाली घालून कागद पुढे केला. म्हाताऱ्याने तो हात लांब करून धरला आणि सगळा मोठ्याने वाचला, मामा-काकांच्या नावांसकट. "झ्याक हाय. वाचाया येतंय," म्हणाला. बाकीच्या पत्रिकाही त्याच अक्षरांत गेल्या. थोडी नाकं मुरडली गेली, पण एकही पत्रिका परत आली नाही. मशीन घरात राहिलं.

आणि मग दसऱ्याच्या दिवशी कुणीतरी मला एका दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका दिली. तीच जिलबी! खाली नाव गफारभाईंच्या प्रेसचं. गफारभाईंचा प्रेस बसस्टँडजवळ, माझ्यापेक्षा मोठा, जुनी गिऱ्हाइकं बांधलेली. मी तशीच मोंढ्यात गेले. अप्पा दुकानात सोनं वाटत बसले होते. मी सगळ्यांसमोर विचारलं, की माझ्यासाठी केलेली अक्षरं माझ्याच धंद्यातल्या माणसाला द्यायला तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही.

"त्या केरळातल्या मास्तरनं असा विचार केला असता तर?" अप्पांनी विचारलं.

"तो काही माझ्या शेजारी पत्रिका छापत नाही."

"तेच की, सूनबाई. लांबच्याला कुनीबी देतंय. शेजाऱ्याला देनंच अवघड हाय."

मी सोनं न घेताच परत आले आणि कितीतरी महिने त्यांच्याशी बोलले नाही. आधी मला विचारायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. ते मात्र दर पंधरवड्याला यायचे, मी बोलत नसले तरी कॉम्प्युटरची धूळ झटकायचे, सासूबाईंकडे चहा घ्यायचे आणि जायचे.

पुढच्या लग्नसराईच्या तोंडावर दारात गफारभाई उभे. मला वाटलं, आता हे माझी गिऱ्हाइकं मागायला आले. त्यांनी खिशातून फ्लॉपी काढली. प्रेस घालायच्या आधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, हे मला माहीतच नव्हतं. "भाभी, वो 'ळ' मुझसे देखा नहीं जा रहा था," ते म्हणाले. त्यांनी सगळी अक्षरं नव्याने काढली होती. अप्पांनी देतानाच सांगितलं होतं म्हणे, की सुधारणा केली तर जिथून आलं तिथे पोचवायची. मी अक्षरं पडद्यावर उघडली. काय देखणी अक्षरं होती! पाटीवरच्या अक्षरांचा तो डौल, तो उतार. ते गेल्यावर मी फ्लॉपी घेऊन थेट मोंढ्यात गेले. अप्पांनी ती आपल्या कॉम्प्युटरवर उघडली, आधी 'ळ' बघितला आणि म्हणाले, "लई नामी झालं." मला तेवढ्यात काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण जमलं नाही. मी नुसतीच काशीबाईंकडून चहा मागून घेतला. अप्पांनी त्याच संध्याकाळी ती अक्षरं केरळात धाडली. त्या मास्तराला मराठी वाचता येत नव्हतं, तरी त्याने खूप आवडल्याचं कळवलं.

त्यानंतर काही वर्षांनी अप्पा गेले. भरदुपारी, दुकानात, कुणाचा तरी रेडिओ खोलून बसलेले असताना. पुण्याहून मुलगा आला, शिवलिंग. त्याने दिवसकार्याच्या पत्रिकेचा मजकूर माझ्याकडे दिला. मी तो टाइप करायला बसले आणि त्यांच्या नावाच्या पहिल्या अक्षराला डोळे भरून आले. अप्पांनी वाटलेल्या त्या अक्षरांवर तोवर माझं घर उभं राहिलं होतं, गफारभाईंचंही.

पत्रिकांचा गठ्ठा घेऊन अप्पांच्या घरी गेले तर ओसरीत गफारभाई बसलेले, पुढ्यात दुसरा गठ्ठा. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मजकूर काशीबाईंना विचारून आपल्या आपण छापून आणला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गडबडीत दोन्ही गठ्ठे एकाच बाजेवर पसरले गेले. शिवलिंग म्हणाला, ज्याच्या त्याच्या वेगळ्या करा, म्हणजे कुणाच्या किती ते कळेल. मी एक उचलली, दुसरी उचलली. कागद तोच, मजकूर तोच, अक्षर न् अक्षर तेच. गफारभाईंनीही चष्मा वर करून दोन-चार चाळल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"राहू द्या एकातच," मी म्हणाले. "वाटायच्याच आहेत."

त्यांनी बसस्टँडची बाजू घेतली आणि मी मोंढ्याची.