हंडा नावाचा व्हेरिएबल

गेलेल्या माणसाचं चुकलेलं उत्तर चारचौघांत दुरुस्त करावं का?

मला माहीत नाही. वर्षभर विचार करतेय, तरी नाही.

मिलिंददादाला जाऊन आज वर्ष झालं. साध्या तापाचं निमित्त. सोमवारी येतो म्हणाला, आला नाही.

इथे बरेच जण त्याला ओळखत नाहीत, म्हणून सांगते. अंबरनाथ वेस्टला आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस. व्यापाऱ्यांच्या बिलिंगचा डेटाबेस आम्ही सांभाळतो. तो सीनियर, मी नवीन. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना सांगत सुटले की आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. तेच माझं नाव पडलं.

"ए ग्रॅज्युएट, इधर आ. बघ, मशीन झोपलंय."

ऑफिसने चार कोअरचा, म्हणजे चार प्रोसेसरचा, सर्व्हर घेतला होता, त्यावर नवा कर्नल. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुठल्या कामाला प्रोसेसर कधी मिळणार, ते तो ठरवतो.

थोडे लोक कामाला असले की सगळं सुसाट. गर्दी वाढली की स्पीड खाली. आणि प्रोसेसर चक्क रिकामे.

काम पडलंय, हात मोकळे आहेत, तरी काम होत नाही. दादाला हे सहनच व्हायचं नाही.

लॉक म्हणजे एका वेळी एकाच कामाला आत सोडणारं कुलूप. व्याख्या मला पाठ होती, लॉक कळलेला नव्हता. त्याने विचारलं, तुमच्या बदलापूरला नळावर नंबर कसा लावतात? म्हटलं, हंडा ठेवून.

"बस. हंडा ठेवून घरी गेलीस, तर नंबर आल्यावर कोणीतरी हाक मारणार, मग तू धावत येणार. तोवर नळ फुकट. आणि नळापाशीच उभी राहिलीस तर घरचं काम पडून. कर्नलला दिवसभर हेच ठरवायचं असतं."

तेव्हापासून आमच्या टेस्टमध्ये, लॉकसाठी थांबलेल्या थ्रेड्सची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांची, संख्या ठेवणाऱ्या व्हेरिएबलचं नाव हंडा.

मग दर रविवारी तेच. जुना कर्नल, नवा कर्नल. तोच डेटाबेस, त्याच क्वेरी. गर्दी वाढवत न्यायची आणि ग्राफ काढायचा. जुना सावकाश उतरायचा. नवा धाडकन पडायचा.

दादाने निकाल देऊन टाकला. नवा कर्नल हंडेवाल्यांना फार लवकर घरी पाठवतो, दोष त्याचाच. तसं त्याने मेलिंग लिस्टवर लिहिलं, जिथे जगभरचे लोक कर्नलवर वाद घालतात. परदेशातून एकाने विचारलं, हे हंडा काय असतं? त्यानंतर कितीतरी दिवस दादा ऑफिसभर तेच सांगत फिरत होता.

मला मात्र पटत नव्हतं. रांग नेमकी कुठल्या नळावर आहे, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. तसं म्हटल्यावर तो हसला.

"कर के दिखा ना, ग्रॅज्युएट. तोंडाने ग्राफ काढू नको."

मी करून दाखवायच्या आधी तो गेला.

मग एकटीने केलं. रांग कर्नलमध्ये नव्हतीच. ती होती मेमरी वाटून देणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे डेटाबेस वापरतो त्या तयार कोडमध्ये. सगळे थ्रेड तिथल्या एकाच लॉकपाशी अडकलेले.

लायब्ररी बदलली. तोच नवा कर्नल, तीच गर्दी. ग्राफ पडलाच नाही. जुन्याच्याही वर गेला.

सांगायला मी त्याच्या टेबलाकडे वळले. तिथे आता प्रिंटर ठेवलाय.

तेव्हापासून चैन नाही.

त्याच्या मेलची लिंक लोक अजून एकमेकांना देतात. डेटाबेस असेल तर नवा कर्नल टाकू नका, म्हणे. चुकीची गोष्ट पसरतेय, आणि त्याच्या नावाने पसरतेय.

पण त्याने जगाला लिहिलेली ती एकच गोष्ट. ती मी कशी खोडू? भांडायला तो आहे कुठे?

मेल लिहायचे, पुसायचे. पुन्हा टेस्ट लावायचे, वाटायचं, या वेळी तरी त्याचं बरोबर येईल.

नाही आलं.

परवा कॅम्प चारला त्याच्या घरी गेले. त्या मेलचा प्रिंट त्याच्या आईने, काकूंनी, शोकेसमध्ये लावलाय. इंग्रजी त्यांना येत नाही. चहा देता देता विचारलं, "त्याचं ते बरोबर होतं ना गं?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही काकू. उत्तर चुकलं होतं त्याचं."

त्या कोरडाच कप पुसत राहिल्या.

"मग सांग की सगळ्यांना. माझ्या भाजीत मीठ कमी पडलं तर पाहुण्यांसमोर सांगायचा मेला. त्याला कशाला सोडतेस?"

मेला. आयुष्यभर लाडाने वापरलेला शब्द सवयीने तोंडातून गेला, आणि त्यांनी कप खाली ठेवला.

निघताना म्हणाल्या, प्रिंट मात्र तिथेच राहील.

योग्य काय, ते मला अजून माहीत नाही.

आज सकाळी त्याच लिस्टवर मेल पाठवला. दोन्ही कर्नलचे सगळे ग्राफ, दादाचा दावा, आणि तो का चुकला ते. टेस्ट त्याची, म्हणून आधी त्याचं नाव, खाली माझं.

दादा, करून दाखवलं. निरोप घेते.

व्हेरिएबलचं नाव बदललेलं नाही.