मी बूट काढले होते, हे दादाला कसं कळलं?

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की उठून चहा टाकायला जाणारा माणूस मी. सगळं आयुष्य मशीनवर गेलं... जे मोजता येत नाही ते मानायचं नाही, हा आपला खाक्या. आजही तसाच आहे. पण ही एक गोष्ट कुठल्याच मापात बसत नाही. आणि सांगताना माझी मलाच लाज वाटते, म्हणून इतकी वर्षं तोंड उघडलं नव्हतं.

१९८५ चा जून. आम्ही घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात राहायचो — मी, माझा मोठा भाऊ आणि वहिनी. मूळचे मालवणकडचे. बाबा लवकर गेले, तेव्हा दादाने शाळा सोडून गिरणी धरली आणि मला इंजिनिअर केलं. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्याची छाती कामातून गेली. त्यांना मूलबाळ नव्हतं, जो काही होतो तो मीच. अशात कंपनीने मला सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडला, लीड्सला पाठवायचं ठरवलं. दादा अंथरुणाला खिळलेला, तरी मी जायलाच हवं म्हणून हटून बसला. गेलो.

घरी फोन नव्हता, शेजारी मेहताकाकांकडे होता. दर रविवारी आपल्याकडे दुपारी तीनला, म्हणजे तिथे सकाळी साडेदहाला, मी फोन करायचा असं ठरलं होतं. वहिनी आधीच जाऊन मेहतांच्या सोफ्यावर बसायची. तिसऱ्या रविवारी ती हळूच म्हणाली, "भावोजी, ह्यांचं काही खरं नाही. डॉक्टर काय म्हणतात ते पुढच्या रविवारी सांगते. कदाचित तुम्हाला यावं लागेल."

आठवडाभर मी त्या "यावं लागेल"ला घाबरून होतो. ट्रेनिंग अर्धवट सोडलं तर नोकरीत वाट लागली असती, हे एक. पण खरं सांगू? परदेश पहिल्यांदाच बघत होतो... मला एक दिवस तरी फक्त माझा हवा होता.

चौथ्या रविवारी सकाळी एकटाच गाडीत बसून यॉर्कला गेलो. स्टेशनबाहेर लाल टेलिफोन बूथ होता. साडेदहाला आत शिरलो, नाणी हातात घेतली, रिसीव्हर उचलला... आणि ठेवून दिला. बाहेर पडलो, दहा पावलं गेलो, परत आलो, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. फोनच केला नाही तर कळणार नाही, आणि कळलंच नाही तर परत जावं लागणार नाही. एवढी माझी अक्कल!

मग दिवसभर भटकलो. शहराभोवती जुना तट आहे, त्यावरून चालत निघालो की खाली लोकांच्या बागा दिसतात. एक गल्ली तर अशी की दोन्हीकडची घरं वरून एकमेकांकडे वाकलेली, वरच्या खिडकीतून समोरच्या घरात वाटीभर साखर देता येईल. नंतर ते प्रचंड मोठं चर्च — मिन्स्टर. दारातून आत जाताना मी काय केलं असेल? सवयीने बूट काढले! बाजूला नीट लावून ठेवले आणि मोज्यांवर थंडगार फरशीवरून निघालो. काळ्या डगल्यातला एक म्हातारा माझे बूट हातात घेऊन, हसत हसत मागून आला. मी असा ओशाळलो, की ही फजिती कुणालाही सांगितली नाही. पत्रातही लिहिली नाही.

चारच्या सुमारास नदीकाठी बसून आईस्क्रीम खात होतो. जीव कासावीस झाला, अंगावर काटा आला — असलं काहीही झालं नाही. मी मजेत होतो.

त्याच वेळी, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले असताना, दादा गेला.

सोमवारी फॅक्टरीत निरोप आला. घरी पोहोचलो बुधवारी. अग्नी चुलतभावाने दिला होता. दारातून आत आलो आणि पहिलं वाक्य बोललो तेच खोटं, "वहिनी, रविवारी लाईनच लागत नव्हती गं."

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तेरावा झाला, पाहुणे गेले. दुपारी भांडी विसळता विसळता तिने विचारलं, "भावोजी, तिथे देवळात जाताना बूट काढतात का हो?"

"का?" मी विचारलं.

"रविवारी संध्याकाळी हे एकदम हसले. कितीतरी दिवसांनी. काय झालं म्हटलं, तर म्हणाले, 'खुळो आसा तो. गोऱ्यांच्या देवळात बुटां काढल्यान! म्हातारो मागसून घेवन इलो.' मला वाटलं, तापात बरळतायत."

मी पुढे होऊन नळ बंद केला. आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं, की त्याला हे दिसलं असेल, तर सकाळचंही...

"तीनला मी मेहतांकडे निघाले, तर म्हणाले, जाव नको, फोन येवचो नाय. तरी गेले. चारपर्यंत बसले. परत आले तर म्हणतात, 'उचलल्यान आणि ठेवल्यान. दोनदा.'"

"वहिनी, मी..."

"मी खूप चिडले होते भावोजी. खोटं कशाला सांगू? तर ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, 'तेका रागवू नको. भियालो हा तो. बघूंदे तेका सगळा.'"

फक्त एका डॉक्टर मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, शेवटी शेवटी ऑक्सिजन कमी पडतो, भास होतात. होत असतील. पण भासात माझे बूट कसे आले? तो म्हातारा कसा आला? याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही, कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

मात्र मला खाणारी गोष्ट ती नाही. दादाला दोन शब्द माझ्याशी बोलायचे असतील, आणि त्याने ते सोडून दिले... मला फिरू दिलं.

वहिनी माझ्याकडेच असते, आता फार थकली आहे. "लाईन लागत नव्हती" या वाक्याबद्दल तिने मला कधीही काही विचारलं नाही. दादाने सांगितलं होतं म्हणून ती एकदाही माझ्यावर रागावली नाही. रागवायला हवं होतं तिने, निदान एकदा तरी.