कुमानं आणलेला प्रोसेसर

दोब्रिलाला कुणी "बसेल हो, नक्की बसेल" असं म्हटलं, की ती आधी पिशवीतून टेप काढायची; विश्वास वगैरे नंतर. लेस्कोवात्सच्या कापडगिरणीत तिनं एकतीस वर्षं कोट बेतले. गिरणी बंद पडली, टेप राहिली आणि खोडही राहिली. नवा फ्रीज आणला तेव्हा तिनं दार मोजलं, जिना मोजला, आणि सामान चढवणाऱ्या दोन गड्यांचे खांदेसुद्धा मोजले. गडी हसले. फ्रीज मात्र एका दमात वर गेला.

अशा बाईनं एकोणसाठाव्या वर्षी घरच्या घरी गेमिंगचा कॉम्प्युटर जोडायला घेतला, तेव्हा गल्लीला विषय मिळाला. "आता या वयात हिला कुणावर गोळ्या झाडायच्यात?" शेजारीण म्हणाली. दोब्रिलाला कुणावर काही झाडायचं नव्हतं. तिला नवऱ्याला बोलतं करायचं होतं.

नवरा म्हणजे स्लावोल्युब. तीस वर्षं ट्रक चालवला. मागच्या उन्हाळ्यात डाव्या डोळ्याचा पडदा फाटला, त्या डोळ्यानं दिसायचं बंद झालं, आणि जड वाहनाचं लायसन्स गेलं. डोळा गेल्याचं त्यानं कसंबसं सोसलं असतं. पण ट्रक होता वुकोमानचा, आणि वुकोमान त्यांचा कुम. लग्नात साक्षीला उभा राहतो तो कुम, आणि एकदा उभा राहिला की जन्मभर त्याचा मान सख्ख्या भावापेक्षा वरचा. त्याला नाही म्हणायचं नसतं, त्याचं काही परत करायचं नसतं. हे दोघं बावीस वर्षं एकाच केबिनमध्ये, आळीपाळीनं चाक धरून. लायसन्स गेलं आणि दुसऱ्याच आठवड्यात वुकोमाननं जोडीला नवा ड्रायव्हर घेतला न् माल घेऊन सीमेपार ल्युब्लियानाला निघून गेला. माल थांबत नाही, कबूल. पण त्या दिवसापासून स्लावोल्युबनं त्याचा फोन उचलला नाही, आणि वुकोमान उंबऱ्याला आला नाही. गेल्या नोव्हेंबरात घराच्या संताचा दिवस, म्हणजे स्लावा, कुमाशिवायच झाला. स्लावाचं आमंत्रण कुणाला द्यायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो. त्यामुळे जो आला नाही त्याची खुर्ची सगळ्यांना दिसते.

तेव्हापासून स्लावोल्युब दिवसाला चार शब्दांवर आला. हो, नको, बघू, मीठ. खिडकीशी बसून तो दोब्रिलाच्या फोनवर एकच गोष्ट बघायचा, कुठली तरी परकी पोरं कॉम्प्युटरच्या खेळात ट्रक चालवतायत ते. सप्टेंबरात एका दुपारी मिरच्या धुता धुता तिचं लक्ष खाली गेलं. फोनवरच्या ट्रकला वळण आलं, की याचा उजवा पाय चपलेसकट फरशीवर ब्रेक दाबत होता. तिनं तिथल्या तिथं ठरवलं की आठ नोव्हेंबरच्या आत, स्लावाच्या आत, या माणसाला घरात ट्रक मिळाला पाहिजे.

बसस्टँडमागच्या बोळात नेवेनाचं कॉम्प्युटरचं दुकान. नेवेना पस्तिशीची, तोंडानं फटकळ, कामात पक्की.

"मावशी, तयार घेऊन जा ना. कशाला डोक्याला ताप?"

"तयार कोट कधी कुणाच्या अंगाला बसलाय का गं?"

मग नेवेनानं काउंटरवर सगळं मांडलं. हा मदरबोर्ड, त्यावर प्रोसेसरची बैठक. प्रोसेसर दोन कंपन्यांचे, एकीचा दुसरीच्या बैठकीत बसत नाही. मेमरीच्या पट्ट्यांना खाच असते, ती जुन्या बोर्डाला वेगळी, नव्याला वेगळी. पंख्याचे पाय प्रोसेसरच्या बैठकीप्रमाणे. पॉवर सप्लाय ग्राफिक्स कार्डाच्या भुकेप्रमाणे. दोब्रिला ऐकतच राहिली. गिरणी सुटल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी कामाचं बोलत होतं! तिनं जाड वही केली, एकेका भागाला एकेक पान. आणि पहिल्याच आठवड्यात तिनं नेवेनाला चूक दाखवून दिली.

"कार्ड साडेअठ्ठावीस सेंटिमीटर, कॅबिनेटमध्ये जागा तीस. आरामात बसतं," नेवेना म्हणाली.

टेप निघाली. "आणि पुढचा पंखा? तो अडीच खातोय. राहिले साडेसत्तावीस. तुझं कार्ड काय पोट आत घेऊन बसणार?"

नेवेनानं स्वतः मोजलं, दोनदा मोजलं, आणि सव्वीसचं कार्ड काढून दिलं. वर म्हणाली, "मावशी, नोकरी पाहिजे का?"

ऑक्टोबरच्या मध्यावर प्रोसेसर सोडून सगळं घरात आलं होतं. शिवणाच्या टेबलावर खोकी रचलेली, वहीत प्रत्येकापुढे बरोबरची खूण. जुनं स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल तिनं जाहिरात बघून व्रान्येच्या एका बाईकडून मिळवले. स्लावोल्युब खोक्यांवरून नजर फिरवायचा आणि खिडकीशी जाऊन बसायचा. विचारलं काही नाही. बाई पण हट्टी, तिनंही सांगितलं नाही.

आणि मग एका शनिवारी वुकोमान आला. दोब्रिला अंगणात हिवाळ्याच्या चटणीसाठी भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्या सोलत होती, कोपरापर्यंत चिकट. फाटकाशी तो उभा, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात छोटंसं खोकं. चौदा महिन्यांनी! स्लावोल्युब ओट्यावर होता. तो उठला आणि परसाकडे चालता झाला.

वुकोमाननं ते पाहिलं, गिळलं. "दोब्रिला, घरात कारखाना काढलायस म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"अख्ख्या गावानं. हे घे. डोकं माझ्याकडून, बाकीचं धड तू जोड. निश शहरात जाऊन सगळ्यात भारी कुठला ते विचारून आणलाय."

खोक्यावरचं नाव तिनं लांबूनच वाचलं. कंपनी दुसरी. तिच्या बोर्डावर हा प्रोसेसर बसणं शक्य नव्हतं, टेप लावा नाहीतर देव पाण्यात घाला.

दोब्रिलाच्या तोंडावर आलं होतं, अरे बाबा, आधी विचारायचं होतंस. पण तिनं त्याच्या हाताकडे बघितलं. अठरा चाकं फिरवणारा हात, आणि ते एवढंसं खोकं त्यानं अंडं धरावं तसं धरलं होतं. "अगदी मनापासून आणलंस रे, कुम," ती म्हणाली. "आत ये, कॉफी टाकते."

"नको. स्लावाला बघू," म्हणून तो गेला. जाताना दोनदा मागे वळून परसाकडे बघितलं.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी दोब्रिला दारात हजर. नेवेनानं खोकं बघितलं आणि हसायलाच लागली. "मावशी, हा तुमच्या बोर्डात या जन्मी बसायचा नाही. ज्यानं दिला त्याला परत करा."

"कुमानं दिलाय."

नेवेनाचं हसू गेलं. खोकं तिनं दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवलं. "कुमानं होय? मग असं आधी सांगायचं ना. काढा वही, बोर्ड बदलू."

दोब्रिलाच्या मनात आलं नव्हतं असं नाही. आपला ठरलेला प्रोसेसर गुपचूप घ्यावा, कुमाचा कपाटात टाकावा, आणि विचारलं तर म्हणावं आत आहे. पण वुकोमान कॅबिनेटचं झाकण उघडायला लावल्याशिवाय राहणारा नव्हता. आणि तिलाही ते जमलं नसतं. कोटाला आतून पीन मारून "बसला" म्हणणाऱ्यांशी तिचं गिरणीत कधी पटलं नव्हतं.

म्हणून बोर्ड बदलला. नव्या बोर्डाला मेमरीची खाच वेगळी, म्हणून मेमरी बदलली. पंख्याचे पाय पोचेनात, पंखा बदलला. कोटाची एक बाही उसवायला घ्यावी आणि मागून अख्खी पाठ निघून यावी, तसं झालं. एकेक पान खोडून ती पुन्हा लिहीत होती, आणि तोंडानं वुकोमानचा उद्धार चालू होता. "भारीतला भारी म्हणे! मेल्यानं बावीस वर्षं ट्रकला नुसतं डिझेल भरलं, कधी पुस्तिका उघडून बघितली असेल तर शपथ."

"पहिला बोर्ड चांगला होता," मागून आवाज आला.

दोब्रिलाची पेन्सिल थांबली. स्लावोल्युब तिच्या खांद्यावरून वही वाचत होता. म्हणजे रोजच वाचत असणार!

"बसत नव्हता," ती म्हणाली.

"बोर्ड बसत होता. कुम बसत नव्हता."

"मग काय करू? त्याच्या तोंडावर फेकू?"

तो गेला नाही. खुर्ची ओढली आणि बोर्डाचा एक स्क्रू उचलला. पेचकस स्क्रूच्या डोक्यावर टेकवायला गेला, तो बाजूला टेकला. पुन्हा प्रयत्न केला, अलीकडेच राहिला. एका डोळ्याला खोली कळत नाही. तिसऱ्यांदा स्क्रू निसटून फरशीवर गेला, आणि स्लावोल्युब पेचकस ठेवून उठून गेला. दोब्रिला गुडघ्यांवर बसून स्क्रू शोधत राहिली. डोळे भरून आल्यामुळे तो काही लवकर सापडेना.

स्लावाच्या दिवशी पाद्री येऊन गेला, प्रसादाचे शिजवलेले गोड गहू वाटून झाले, सार्माचं, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं, पातेलं दुसऱ्यांदा गरम झालं. टेबलाभोवती अकरा माणसं. कुमाची खुर्ची रिकामीच. दोब्रिला वाढत होती पण कान फाटकाकडे. तीन वाजता फाटक वाजलं. वुकोमान आत आला, स्लावोल्युबला म्हणाला, "सुखाची स्लावा." स्लावोल्युबनं हात मिळवला, कारण त्या दिवशी हात मिळवावाच लागतो. आणि दोघंही पानात बघून जेवायला लागले.

दोब्रिलाचा संयम कॉफीपर्यंत टिकला. मग तिनं शिवणाच्या टेबलावरची चादर ओढली आणि बटण दाबलं. पंखे फिरले. दोन सेकंद पडदा काळाच, आणि त्या दोन सेकंदांत तिनं सगळ्या संतांची नावं घेतली. मग चित्र आलं, मोठा निळा ट्रक, धक्क्याला लागलेला.

"स्लावोल्युब, ऊठ. बस इथं."

"बघू."

"बघू नाही. दोन महिने मी काय भाजी निवडत होते? ऊठ!"

पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून तो उठला. चाकावर हात ठेवले. पहिलं वळण जपून घेतलं, दुसरं सहज. मग गोदामाचं अंगण आलं, आणि त्यानं तो लांबलचक ट्रेलर आरशात बघत उलटा घेतला न् दोन रांगांच्या मधोमध एका फटक्यात लावला. कुठं घासलं नाही, कुठं थांबला नाही.

"इथं सगळंच सपाट आहे," तो हळूच म्हणाला. "इथं एक डोळा पुरतो."

वुकोमान नाक ओढत म्हणाला, "सरक, मला बघू दे." तो बसला, आणि दोन मिनिटांत टोलनाक्याचा दांडा तोडून मोकळा झाला.

"आरसा बघ, गाढवा!" स्लावोल्युब ओरडला. सगळं टेबल दचकलं. "बावीस वर्षं घसा फोडून सांगतोय, आरसा बघ!"

"बघतोय की!"

"कप्पाळ बघतोयस! तुला काही दिसतच नाही. मी चौदा महिने घरात बसलोय ते तरी दिसलं का तुला? अरे, चालवता येत नव्हतं मला, बाजूला बसता येत होतं! एकदा, एकदा तरी विचारायचं होतंस."

वुकोमाननं चाक सोडलं. पडद्यावरचा ट्रक हळूहळू कुंपणाला जाऊन टेकला. "मला वाटलं, तुला ते बघवणार नाही."

"तुला वाटलं!"

"चुकलो." वुकोमाननं बाहीनं तोंड पुसलं. "तो नवा पोरगा मागच्या महिन्यात सोडून गेला. मंगळवारी ल्युब्लियानाला एकटाच निघतोय. येतोस?"

स्लावोल्युबनं दोब्रिलाकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? थर्मास वरच्या फळीवर आहे."

मंगळवारी सकाळी तो गेला, शीळ घालत. आणि दारातून आत आल्यावर दोब्रिलाला सणसणून राग आला. आता हे कुणासाठी? एवढी मोजमापं, एवढी खोडाखोड, आणि साहेब निघाले खऱ्या ट्रकमधून! तिनं दोन तास भांडी आपटली. मग एप्रनला हात पुसून ती टेबलाशी गेली. जन्मात तिनं साधी मोटार चालवली नव्हती. खुर्ची पुढे ओढली, पाय पेडलला पोचतात का ते बघितलं, आणि खेळात तिला सापडला तो सगळ्यात सरळ रस्ता धरला.

दुपारी फोन वाजला. "जेवलीस का?" स्लावोल्युबनं विचारलं. मागे इंजिनाचा आवाज.

"वेळ कुठं आहे? हमरस्त्यावर आहे मी. माझ्या मागं सगळे भोंगे वाजवतायत."

तो एवढा हसला, की वुकोमान काय झालं, काय झालं म्हणून विचारायला लागला.

"वेग किती?"

"चाळीस."

"हमरस्त्यावर चाळीस? अगं बाई, हळू जाणाऱ्यांची उजवी लेन धर आधी. धरलीस? आता ऐंशीवर ने. घाबरू नकोस, भरलेला ट्रक रस्ता सोडत नाही." आणि तो सांगत सुटला. पावसात कुठला उतार फसवा, कुठल्या पंपावर सूप चांगलं मिळतं, सीमेवर कुठल्या रांगेत उभं राहायचं, पहाटे सावा नदीवर धुकं आलं की दिवे कसे ठेवायचे. तीस वर्षांत त्यानं यातलं काही घरी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. दोब्रिला दोन्ही हातांनी चाक धरून ऐकत होती, फोन खांद्यात दाबलेला.

अर्ध्या तासानं तो म्हणाला, "बरं, ठेवतो आता. कुमाला कॉफी ओतून द्यायचीय."

"ठेवू नकोस," ती म्हणाली. "पुढे फाटा येतोय."