इंजिनासाठी लावलेला कौल

सासरा गेल्यावर सून एवढी रडती व्हय, असं काल रक्षाविसर्जनाला एका बाईनं शेजारणीला विचारलं.
मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

रडते बाई. का रडते ते सांगते.

मामा, म्हणजे माझे सासरे, परवा सकाळी कवठे महांकाळच्या आमच्या घरी गेले. तरुणपणी मेंढरं राखली, पुढं द्राक्षाची बाग लावली. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

तरीही माझी रेसची गाडी आज साताऱ्यात माझ्या दारात उभी आहे, ती फक्त त्यांच्यामुळं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. लग्नाआधी मी स्वतःच्या पगारातून एक जुनी लाल हॅचबॅक घेतली आणि रेससाठी ट्यून करून घेतली. मैदानातली ऑटोक्रॉस म्हणा, घाटातली टाइम ट्रायल म्हणा, जिथं एन्ट्री मिळेल तिथं पळवली.

माझं डोकं ठिकाणावर राहतं ते त्या सीटवर. बाकी वेळी मी कशी असते ते नवऱ्याला विचारा.

मुलगी झाली आणि त्याच वर्षी इंजिननं मान टाकली. सायलेन्सरमधून निळा धूर. ऑइल तर चहासारखं प्यायची. कॉम्प्रेशन तपासलं तर दोन सिलिंडर बसलेले.

सांगलीचे शब्बीरभाई ही गाडी पहिल्यापासून बघतात. ते म्हणाले, "ताई, दोन रस्ते हायत. हेच इंजिन उघडून बांधायचं. पण सिलिंडरचा बोअर आधीच घासून वाढवलाय, आता आत नव्या स्लीव्ह टाकाव्या लागतील. न्हाईतर ठोकलेल्या गाडीचं चांगलं इंजिन आणून बसवायचं. फकस्त ते आधी कुणी कसं पिदडलंय, ह्याची ग्यारंटी मी देत न्हाई."

मला बांधायचंच होतं. त्या इंजिनचा प्रत्येक आवाज माझ्या ओळखीचा होता.

रविवारी गावी जेवताना हे सगळं सांगितलं आणि तिसराच रस्ता निघाला.

"इकून टाका," मोठे दीर म्हणाले. "पोरगी झालीया. आता कशाला ती थेरं?"

"भाऊजी, तुम्हाला दोन झाली. तुम्ही क्रिकेट सोडलं?"

"माझं येगळं हाय."

आत्या, म्हणजे सासूबाई, दिरांच्याच बाजूनं. नवरा पंख्याकडं बघत बसला, पंखा आज पहिल्यांदा फिरत असल्यासारखा. माझा आवाज चढला, पोरगी जागी होऊन रडायला लागली, ताटातली आमटी गार झाली.

मामांनी हात धुतले.
"भांडू नगा. उद्या बिरोबाला कौल लावू. द्येव म्हनंल तसं."

आमच्या घरात कौलापुढं कुणी बोलत नाही. दीर लगेच कबूल झाले. माझं मात्र टाळकं सरकलं. माझ्या इंजिनचा निकाल आता फूल देणार?

पण देवळात गेले. लग्न करून त्या घरात आलेय, मामांचा शब्द मोडवत नाही.

कौल कधी बघितला नसेल तर सांगते. देवाच्या अंगावर उजवीकडं एक आणि डावीकडं एक अशी ओली कळी लावतात. प्रश्न विचारतात. जी आधी पडेल ते देवाचं उत्तर.

मामा हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "बिरोबा, सूनबाईच्या गाडीचं इंजिन बसलंय. हाय तेच बांधायचं असंल तर उजवी दे. दुसरं घालायचं असंल तर डावी दे."

दीर पुढं झाले. "आण्णा, आवं पर इकायचं..."

"द्येवाम्होरं मधी बोलू नगं."

डावी कळी पडली.

"झालं," मामा म्हणाले. "दुसरं घालायचं."

परत येताना दीर घुश्शात आणि मीही घुश्शात. मला जुनंच हवं होतं ना.

घरी येऊन उतरेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नाही, की कुठलीही कळी पडली असती तरी गाडी घरातच राहणार होती. आणि देवाचा शब्द पडल्यावर आता ती विका म्हणायची कुणाची टाप नव्हती.

शब्बीरभाईंना कौल सांगितला. ते हसले नाहीत. दुसरं इंजिन आणलं, उघडून रिंगा, बेअरिंगं, सील सगळं बदललं आणि वर माझ्याच इंजिनचं ट्यून केलेलं हेड चढवलं. देवाचाही मान राहिला, माझाही.

सांगलीहून गाडी आणायला मी मामांना बरोबर घेऊन गेले. रेसच्या त्या खोलगट सीटमध्ये धोतर सावरत कसेबसे बसले.
"बसलो खरं. उठीवनार कोन?"

मोकळा रस्ता लागल्यावर मी जरा पाय दिला. मामांनी दाराचं हँडल घट्ट धरलं, पण हळू चालव असं एकदाही म्हणाले नाहीत.

मग मी विचारलं. "मामा, गाडी विकायची का, हे तुम्ही देवाला विचारलंच नाही."



विहीर कुठं खणायची, पोरांची लग्नं कुठं करायची, सगळं ह्या माणसानं बिरोबाला विचारून केलेलं.

"इक म्हनला असता तर मला ऐकावं लागलं असतं, बाय. त्याचं मी कवा मोडलं न्हाई."

हँडल सोडून त्यांनी धोतर सारखं केलं.

"म्हनून इचारलंच न्हाई."

मामा, तुमचे लय उपकार आहेत माझ्यावर.
श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही. सुनेचा नुसता नमस्कार घ्या.