पंगत उठस्तवर

आमची आव्वा, म्हंजी माझ्या आईची आई, जेवणाऱ्या माणसाला कंदी उठवायची न्हाय. काय बी पेटू दे, ताटावरचा माणूस ताटावरच.

पेटू दे म्हंजी खरंच. एकदा शेतात मळणीची माणसं जेवत व्हती आन् मागं कडब्याची गंजी पेटली. आव्वाला आदी दिसलं. तिनं गपचीप समद्यांस्नी ताक वाढलं, पिऊन हुऊ दिलं, आन् मग सांगितलं, उठा आता, गंजी पेटलीया. मामा लई भडकला. त्याला म्हणली, "उपाशी माणूस किती घागरी उचलंल रं?"

माझ्या बाळंतपणात तर काय सांगू. मला कळा सुटल्या, मी भिंत धरून उभी, गाडी जुपायची तर नवरा जेवायला बसल्याला. आव्वा मला म्हणती, "दम धर की गं. त्याची अर्दी भाकर ऱ्हायलीया." त्या बिचाऱ्याच्या नरड्याखाली घास उतरंना. कळा देता देता मला हसू आलं बगा.

परवा येळवस हाय. मार्गशीर्षातली आवस, त्या दिवशी समद्यांनी शेतात जाऊन जेवायचं, वाटंनं जाणाऱ्याला बी हाक मारून बसवायचं. आंबील मीच घातलीया, ज्वारीच्या पिठाची, ताकातली. मडक्याला हात लावला की अंगावर काटा येतोय, कारण गेल्या साली आव्वा त्याच दिवशी गेली.

गेलं साल दुष्काळाचं. आमच्या गावच्या, कुंभारीच्या शिवारात हिरवं पान न्हाय. लोक म्हणले, पीक न्हाय तर येळवस कशाची? आव्वा म्हणली, "पीक न्हाय, पर पोट तर हाय की." घराघरातनं मूठमूठ डाळ, दाणं गोळा केलं आन् येळवशीची भज्जी, म्हंजी समदं एकत्र घातल्याली भाजी, शिजवली. खोप करायला कडबा न्हवता म्हणून चार काठ्यांवर जुनं लुगडं ताणलं. सडकंवर खडी फोडणारी माणसं, बाया, पोरं, समदी बलावली. मामा बी त्यांच्यातच बसला.

आव्वा लुगड्याखाली मडक्यापाशी बसून आंबील वाढत व्हती. मी पोराला काखंत घिऊन द्रोण न्यायला गेले तर ती द्रोण भरंना. वाढायचं वगराळं मडक्यात, हात वगराळ्यावर, मान खाली. पोरानं तिचा पदर वडला. एरवी ती त्याचा मुका घ्यायची. मी हाताला हात लावला, तर गार. मी नाकापुढं बोट धरलं, तर श्वास लागंना.

वरडले आसते तर समदी ताटावरनं उठली आसती. मढ्यापाशी कोण जेवतंय? तितली पोरं किती दिसांनी पोटभर खात व्हती, एक तर बोटं चाटत व्हतं. मी काय केलं, कसं केलं, मला अजून कळत न्हाय. आव्वाच्या बोटातनं वगराळं सोडवलं, तिचा पदर तोंडावर वडला, ऊन लागतंय म्हणून वडल्यावानी, आन् आंबील वाढाया लागले. एक म्हातारी म्हणली, आजीला झोप लागली वाटतं. मी म्हणले, व्हय, आन् तिचा द्रोण भरला. मामानं आंबील मागितली. परत मागितली. परत मागितली. मला त्याचा राग आला, ह्याची आई हितं पडलीया आन् हा पितोय.

माणसं जेवली, हात धुऊन बांधावर गेली. मामा बसूनच. मी सांगाया त्याच्याम्होरं गेले.

मामा म्हणला, "ठावं हाय मला. पयली आंबील मागितली तवाच दिसलं. मी उठलो आसतो तर समदी उठली आसती."

त्याचा हात तसाच खरकटा व्हता. तांब्या दोनदा धरला, दोनदा निसटला. पोराला खाली ठिवलं, त्याच्या हातावर मी पाणी घातलं, चांगलं सोच्छ धुतलं. आन् मग वरडले.