कडक स्प्रिंग आणि कुंडलचे रविवार

गाडी घेतली तेव्हा तिच्यावर एकच खरी जबाबदारी होती, अण्णांना त्यांच्या बहिणीकडे न्यायचं. अण्णा म्हणजे माझे वडील. सैन्यात ट्रक चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि पेन्शनीत आल्यावर साताऱ्यात त्यांनी साधी स्कूटरसुद्धा घेतली नाही. पुरे झालं आता, म्हणायचे. आत्या कुंडलची, गावातल्या गावात दिलेली. आजी-आजोबा गेल्यावर गावात अण्णांचं म्हणून जे काही उरलं ते तिचं घर.

आत्याला माणसं आठवेनाशी झाली होती. आधी लांबचे पाहुणे गेले, मग शेजारीपाजारी, मग स्वतःची नातवंडं. मी समोर गेले की कधी मला ओळखायची, कधी माझी आई समजून सासूबाईंच्या तक्रारी सांगत बसायची. आई जाऊन कितीतरी वर्षं झालीत. अण्णांना मात्र ती अंगणातल्या पावलांवरून ओळखायची. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचा चेहरा डोळ्यांसमोर राहू द्या, अंतर पडू देऊ नका. म्हणून एकाआड एक रविवारी आम्ही निघायचो. कराडपर्यंत हायवे, तिथून ताकारीवरून कुंडल.

मधल्या रविवारांत माझ्या डोक्यात ट्रॅकचं खूळ शिरलं. एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी गाड्यांचे सुटे भाग तपासते तिथली चार पोरं कोल्हापूरच्या बाजूला एका छोट्या ट्रॅकवर आपापल्या गाड्या पळवायला जात. एकदा मीही गेले. पहिल्याच वळणावर माझी गाडी अशी कलली की बाजूच्या सीटवरची पाण्याची बाटली दारावर जाऊन आपटली. बाहेर उभी असलेली मंडळी हसली. एकजण म्हणाला, "ताई, गाडी हाय का होडी?"

माझ्यावर हसलेलं मला खपत नाही. लहानपणापासून नाही.

पुढचे काही आठवडे मी जेवताना, झोपताना आणि कामावर चहाच्या सुट्टीत सस्पेन्शनशिवाय दुसरं काही वाचलं नाही. उंची आणि कडकपणा हवा तसा फिरवता येतो असे महागडे सेट मी नुसते बघून घेतले, माझ्या पगारात ते बसणारे नव्हते. गॅरेजवाल्याचं म्हणणं, आहे त्याच स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरनं कापू, गाडी आपोआप खाली बसंल. मी त्याला असं बघितलं की त्यानं पुन्हा विषय काढला नाही. कापलेला स्प्रिंग खड्ड्यात आपल्या जागेवरून सुटू शकतो, एवढं तर मी वाचलं होतं. राहिले दोन मार्ग. एक शहाण्यासारखा: झिजलेले बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं, बदलायचे, कंपनीसारखेच नवे शॉकअप टाकायचे, आणि उरलेल्यात चांगले टायर घ्यायचे. दुसरा म्हणजे आखूड, कडक स्प्रिंग आणि त्यांना साजेसे कडक शॉकअप. जुने जाणते सगळे पहिलाच सांगत होते. पण टायर बदललेली गाडी बघून कोण गप्प बसतंय? मला ती होडी म्हणणाऱ्याला गप्प करायचं होतं.

परदेशातली माणसं व्हिडिओत छातीठोक सांगत होती की या स्प्रिंगवर रोजच्या वापरातही काही त्रास होत नाही. त्यांच्या रस्त्यांवरून उसाच्या ट्रॉल्या जात नाहीत, आणि दर वस्तीसमोर लोक आपल्या हातानं गतिरोधक घालत नाहीत. मी इथंच वाढलेली, मला हे कुणी सांगायला नको होतं.

स्प्रिंग बसले. गाडी खाली आली, दिसायलाही देखणी झाली. पहिल्या रविवारी अण्णांना घेऊन निघाले.

इथे अण्णांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. गाडीत बसलेल्यानं ड्रायव्हरला काही बोलायचं नाही, हा त्यांचा दंडकच होता. डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर शेजारी बसून सारखा 'हळू घे, इकडून घे' करणारा एखादा साहेब त्यांनी जन्मभर सोसला असावा. मी गाडी शिकत होते तेव्हासुद्धा ते शेजारी हाताची घडी घालून बसत आणि मी नाल्यात घातली तरी तोंडातून ब्र काढत नसत. गाडी ज्याच्या हातात आहे त्याची ती, आपण नुसतं सामान, असं म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता. मैत्रिणींचे वडील शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत राहत.

त्या दिवशी ताकारीच्या पुढे रस्ता उसाच्या वाहनांनी पार उखडला होता. प्रत्येक खड्डा गाडीनं जसाच्या तसा आत पोचवला. मला ते आवडतच होतं. रस्ता हातात कळतोय असं वाटत होतं. कुंडलला उतरल्यावर मी मोठ्या हौसेनं विचारलं, "अण्णा, कशी वाटली?"

त्यांनी कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघितलं. म्हणाले, "बसलीया रस्त्याला. वळणावर हालत न्हाई बग."

ही ड्रायव्हरनं ड्रायव्हरला दिलेली पावती होती, आणि ती खरीच होती. मी तेवढीच ऐकली. हात कमरेवर का आहे ते मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या खेपेला मी त्यांना आत्याकडे सोडून तशीच पुढे ट्रॅकला गेले. त्या दिवशी गाडी वळणावर इतकी सरळ राहिली की होडी म्हणणारा स्वतः येऊन चाकाच्या आत वाकून बघायला लागला. मला आभाळ ठेंगणं झालं. संध्याकाळी अण्णांचा फोन आला, दोन दिवस राहतो, तू जा, मी एसटीनं येतो.

तेव्हापासून ते एसटीनंच जायला लागले. "सोबत मिळती गं. पेन्शनीतली माणसं भेटत्यात," म्हणायचे. मी आग्रह केला तर म्हणायचे, "तुजा सुट्टीचा एक दिस असतो, कशाला घालीवतीस?" मला वाटलं, त्यांना माझ्या वेगाची भीती वाटते. ट्रॅकवर जाते म्हणून रस्त्यावरही मी तशीच हाकते असं त्यांना वाटतं. मला राग आला. "बरं, जावा मग एसटीनं," म्हटलं आणि पुन्हा विचारलं नाही. आमच्या घराण्यात अबोला धरायला कुणाला शिकवावं लागत नाही.

एसटीनं कुंडल म्हणजे कराडला बदलायचं, उभं राहून जायचं, आणि परतीची गाडी चुकली की फाट्यावर ताटकळायचं. एकाआड एक रविवार होता तो महिन्यावर गेला. मग पावसाळा आला. मग त्यांचा गुडघा सुजला. मग पुढच्या महिन्यात बघू, असं झालं. मी मात्र एकही ट्रॅकचा रविवार चुकवला नाही.

दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे आत्याची सून, आत्याचं सगळं तीच करते. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "ताई, राग मानू नका, पर मामांना घिऊन या की वो. आत्याबाई आता माज्याकडंबी कवाकवा परक्यावानी बगत्यात."

"अण्णांनाच माझ्या गाडीत यायचं नाही," मी तोडून टाकलं.

"आवं, यायचं न्हाई कसं? त्येंच्या पाठीला सोसत न्हाई तुमची गाडी. तुमी त्येंना सोडून गेला तवा दोन दिस पालथं पडून हुतं. मीच वाळूनं शेकलं. मला म्हणलं, पोरीला सांगू नगंस, तिनं लय हौसेनं केलंय."

फोन ठेवला आणि मी आधी अण्णांवरच चिडले. खरंच चिडले. अनोळखी माणूससुद्धा रिक्षावाल्याला 'जरा सावकाश' म्हणतो, बापाला लेकीशी एवढं बोलता येऊ नये? आतल्या खोलीत जाऊन विचारलंसुद्धा. त्यांनी पेपर खाली ठेवला. "गाडी तुजी हाय," एवढंच म्हणाले. मग मला भांडताही येईना. जिथं दुखतं ते सांगायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं, हे मला माहीत होतं. त्यांच्याकडे जरा बघितलं असतं तरी कळलं असतं. मी बघत होते ट्रॅककडे.

दुसऱ्याच दिवशी कामावरून सुटल्यावर गाडी गॅरेजला लावली. जुने स्प्रिंग माळ्यावर होते ते परत घातले, शॉकअप कंपनीसारखे नवे घेतले, बुशही बदलले. शहाण्यासारखा मार्ग. गॅरेजवाल्यानं कारण विचारलं नाही, त्याबद्दल मी अजूनही त्याची आभारी आहे.

रविवारी आम्ही निघालो. अण्णा नेहमीसारखे हाताची घडी घालून बसले, पण ताकारीच्या पुढे खड्डे सुरू झाल्यावर घडी सुटली नाही आणि चेहराही आक्रसला नाही. मी चोरून बघत होते. या वेळी बघत होते. त्यांनी आत्यासाठी साताऱ्यातून कंदी पेढे घेतले होते आणि तो पुडा मांडीवर ठेवला होता.

आत्या सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. अण्णा चपला काढून आत गेले आणि तिच्यासमोर घोंगड्यावर बसले. आत्यानं त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. मग दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, परक्या पुरुषापुढे बायका घेतात तसा.

दारात उभी असलेली वहिनी काहीतरी सांगायला पुढे झाली, अण्णांनी तिला हातानं थांबवलं.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?" आत्यानं अदबीनं विचारलं.

"हितलाच हाय, आक्का."

"गावात कवा दिसला न्हाईसा."

अण्णांनी पेढ्यांचा पुडा तिच्यापुढे सरकवला.

"व्हय," ते म्हणाले. "मधी लय दिस येनं झालं न्हाई."